हात आधी रुजू झाले

हे मनन दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टरांनी वाचलं तर चांगलंच, पण माझ्या डोळ्यांसमोर आधी आहे ती पेशंटच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून सक्शन धरणारी असिस्टंट, बाहेर डायरी सांभाळणारी रिसेप्शनिस्ट, ट्रे धुणाऱ्या मावशी आणि मापं घेऊन लॅबला पळणारा मुलगा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे क्लिनिक बंद झालं. मे-जूनमध्ये, कुठे त्याच्याही नंतर, पुन्हा उघडलं. तुम्ही परत आलात. तेव्हा कसं वाटलं हे विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि सांगायला तुम्हालाही नव्हती. पहिल्या दिवसापासून हात कामाला लागले. मन मागे राहिलं, घरात, आतून कडी घालून. ते नंतर कधी येऊन मिळालं, की अजून यायचंच आहे, एवढंच आज सावकाश बघायचं.

दुपारी क्लिनिक बंद असतं त्या वेळात वाचा. फोन बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण अपॉइंटमेंटचे फोन नेमके तेव्हाच येतात. आला तर घ्या, आणि जिथे सोडलं तिथून पुढे चला.

अशा वेळी एरवी सांगतात, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. ते मी सांगणार नाही. त्या वर्षी तुमच्या कामात श्वास हीच संशयाची गोष्ट झाली होती. समोरच्याचा श्वास, स्वतःचा श्वास, मास्कच्या आतून पुन्हा नाकावर येणारी गरम वाफ. ज्याच्याकडे तुम्ही दिवसभर धास्तीने लक्ष देत होता, त्याच्याकडेच परत वळा म्हणणं बरं नाही. आपण हातांपासून सुरुवात करू.

दोन्ही हात मांडीवर ठेवा. तळवे वर. सारखे धुऊन कोरडी पडलेली कातडी, नखांच्या कडेला हायपोक्लोराइटने आलेला खरखरीतपणा. या हातांना काय काय येतं ते नुसतं मनात येऊ द्या. अल्जिनेटची पावडर पाण्यात घोटून, ती जमायच्या आत ट्रे भरून पुढे करणं. सिमेंट काचेवर कालवताना त्याची तार कुठपर्यंत सुटली की थांबायचं ते ओळखणं. डॉक्टर हात पुढे करतात, तोंडाने काही बोलत नाहीत, नजर दातावरून हलवत नाहीत, आणि हवं ते हत्यार त्यांच्या बोटांत येऊन बसतं. एका उघड्या तोंडापाशी दोन माणसांचे चार हात चालतात आणि एकमेकांना आपटत नाहीत.

हे बहुतेकींना कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटिस्टची नोंदणी होती, हायजिनिस्टची होती, कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या मेकॅनिकची होती. चेअरशेजारच्या असिस्टंटचं वेगळं रजिस्टर त्यात नव्हतं. बारावीनंतर कुणाच्या तरी ओळखीने लागलेली मुलगी बघून बघून वर्षभरात तयार होते. जे शिकते ते तिच्या बोटांत जातं, आणि बोटं दोन-तीन महिन्यांत विसरत नाहीत.

आता क्लिनिक उघडलं तो दिवस. पेशंट यायच्या आधीचा वेळ फक्त.

शटर वर गेलं. आत कोंदट हवा होती. दातांच्या दवाखान्याचा जो नेहमीचा वास, लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा, तो खाली दबला होता. दारावरच्या कॅलेंडरचं पान मार्चचंच. चेअरच्या बारीक नळ्यांत इतके दिवस पाणी साचून राहिलं होतं. अशा नळ्यांत आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, म्हणून बाटली घासून धुवायची, औषध घालायचं, पाणी बराच वेळ नुसतं वाहू द्यायचं. कॉम्प्रेसरच्या टाकीत जमलेलं पाणी खालच्या तोटीने सोडून द्यायचं. ऑटोक्लेव्ह एकदा रिकामाच चालवून बघायचा, १२१ अंशांवर काटा टिकतो का, झाकणाचं रबर वाफ धरतं का. कंपोझिटच्या सिरिंजा, भुलीच्या इंजेक्शनच्या बाटल्या, एकेकीची एक्स्पायरी वाचून बाजूला काढायची.

ही कामं करताना तुम्ही काय बोलत होता? मला वाटतं, कामाचंच. हे फेकायचं का, ते कुठे ठेवलंय, मावशी फडकं द्या. मधल्या काळात कुणाच्या घरी काय झालं हे त्या पहिल्या तासात कुणी काढलं नसेल. थोडं थांबा इथे. त्या खोलीत तेव्हा कोण कोण होतं ते आठवा. कोण नव्हतं, तेही.

मग डायरी. रिसेप्शनच्या टेबलावर ती होती तशीच असणार. २२ मार्चला जनता कर्फ्यू, दुसऱ्या दिवसापासून राज्यात संचारबंदी, २५ पासून देशभर टाळेबंदी. पण डायरीला हे माहीत नव्हतं. तिच्यात त्या आठवड्याची नावं व्यवस्थित लिहिलेली होती, तुमच्याच अक्षरात. साडेदहा, आरसीटी, दुसरी सिटिंग. सव्वाअकरा, कॅप फिक्स. सहा वाजता, ब्रेसेस. लग्नाआधी स्केलिंग करून घ्यायचंय असं सांगणारी एखादी मुलगी, जिचं लग्न पुढे गेलं किंवा घरच्या चार माणसांत उरकलं.

ते पान परत एकदा डोळ्यांसमोर आणा आणि एकाच नावावर थांबा.

रूट कॅनाल अर्धवट असलेल्या दातात आत औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट असतं. ते आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर भरलेलं असतं. ते दोन-दोन महिने तोंडात राहिलं, कुणाचं झिजलं, कुणाचं पडलं, कुणाच्या दाताचा कोपराच त्याच्याबरोबर गेला. ब्रेसेसची तार सुटून गालाला टोचत होती. कुणी लवंग दाबून धरली होती, कुणी केमिस्टकडून गोळ्या आणून दिवस काढले. व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, ट्यूबलाइटखाली आ वासून काढलेले, हललेले. त्यातून दात कुठला आणि सावली कुठली ते ओळखायचं.

फोन तुम्ही घेत होता. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून मला जरा रेंगाळायचं आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दातांच्या दवाखान्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंटेनमेंट झोनमध्ये क्लिनिक बंदच, फार तर फोनवरून सल्ला. लाल विभागात फक्त तातडीची कामं. नारिंगी आणि हिरव्यात थोडी मोकळीक, पण ज्या कामात तुषार उडतात ती टाळता येतील तेवढी टाळायची. मेच्या सुरुवातीला केंद्राने जी यादी केली तिच्यात महाराष्ट्राचे १४ जिल्हे लाल, १६ नारिंगी, ६ हिरवे होते. कागदावर हे सोपं दिसतं. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस कण्हत असतो, आणि त्याचं दुखणं तातडीचं आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवत होती रिसेप्शनिस्ट. नुसतं दुखतंय की सूज आहे? तोंड किती उघडतं, दोन बोटं जातात का? ताप? रात्री झोप लागते? घरात कुणी खोकतंय का? डॉक्टर नंतर बोलायचे, पण चाळणी आधी तिच्या हातात. बारावी पास मुलीने कुणाच्या तरी आजोबांना सांगायचं, काका, आत्ता नाही जमणार. आणि काकांनी फोन आपटायचा.

तुम्ही कुणाला नाही म्हणालात? नाव आठवत असेल तर आठवू द्या. बरोबर केलं की चूक, याचा निवाडा करायला आपण बसलेलो नाही. तेव्हा तुमच्या आवाजात काय होतं, तेवढं ऐका.

आता तो क्षण, ज्याच्यासाठी सगळी तयारी होती. पेशंट चेअरवर. ताप बघून झाला, बोटाला ऑक्सिमीटर लावून झाला, फॉर्मवर सही झाली, गुळण्या झाल्या. एसी बंद. छताचा पंखा बंद. सूचनांत लिहिलं होतं तसा टेबलफॅन डॉक्टरांच्या पाठीमागे, वारा पेशंटकडे जाईल असा, आणि पलीकडे एक्झॉस्ट. जूनची उकड. अंगात पीपीई किट, ज्याच्या आत घाम पाठीवरून ओघळतो तो पुसता येत नाही. एन-९५ च्या कडेने नाकावर वळ. त्याच्यावर फेस शील्ड, आतून धुकटलेलं.

एअरोटर सुरू झाला.

मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं ते टोक दाताला टेकलं की उष्णता होते, म्हणून त्यातूनच पाण्याचा फवारा येतो. तो फवारा दातावर आपटतो आणि तोंडातली लाळ, रक्त, भुकटी घेऊन बारीक तुषारांत उडतो. मोठे थेंब बिबवर, शील्डवर पडतात, ते दिसतात. बारीक जे असतात ते दिसत नाहीत आणि लगेच खालीही बसत नाहीत. या तुषारांच्या वाटेत एकच गोष्ट असते, ती म्हणजे तुमच्या हातातली सक्शनची नळी. ती दातापासून बोटभर अंतरावर, बरोबर कोनात धरली तर बरंचसं आत खेचून घेते. हात थोडा ढळला की नाही. सक्शन धरणं म्हणजे नुसतं धरून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा धरून बघावं. खोलीतल्या प्रत्येकाची हवा त्या वेळी तुमच्या मनगटावर होती.

इथे खरंच थांबा. उजवं मनगट डाव्या हाताने धरा. जरा दाबा. त्या पहिल्या पेशंटच्या वेळी ते थरथरलं होतं का? मला जेवढ्या जणी भेटल्या त्यांनी सांगितलं, नाही, हात अगदी बरोबर होता. नंतर ट्रे उचलताना हातातून मिरर पडला, कुणी बाथरूममध्ये जाऊन उगीच उभी राहिली, कुणाला घरी जाऊन जेवण गेलं नाही. चेअरवर मात्र हात बरोबर होता. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. धैर्य म्हणावं तर त्या म्हणतात, कसलं धैर्य, काम होतं. सवय म्हणावं तर ती कमी लेखल्यासारखी होते. हात मनाला न विचारता पुढे गेले, एवढं खरं. आणि मनाला न विचारल्याचा राग मनाने नंतर, भलत्याच वेळी, भलत्याच जागी काढला.

घर. घराकडे जायला हवं. चपला दाराबाहेर, पर्स पिशवीत, कपडे बादलीत, कुणाला हात न लावता सरळ मोरीत. मूल धावत आलं तर सासूबाई मधेच अडवणार. ताट वेगळं. सासऱ्यांना मधुमेह, म्हणून तुम्ही हॉलमध्ये झोपणार. शेजारीण विचारणार, अजून जातेस का कामाला? त्या प्रश्नात काळजी किती आणि आरोप किती हे तुम्हाला लगेच कळायचं. आजार घरी आणण्याची एक भीती, आणि कामावर गेलो नाही तर जागा जाईल ही दुसरी. दोन्ही एकाच डब्यातल्या भाजी-पोळीसारख्या रोज बरोबर नेलेल्या. यांतली मोठी कुठली होती? पटकन उत्तर देऊ नका. कदाचित दिवसाप्रमाणे बदलत असेल. महिन्याच्या अखेरीला एक, घरात कुणी शिंकलं की दुसरी.

आणि वाट. मुंबईच्या लोकल १५ जून २०२० पासून सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या ठरावीक लोकांसाठी. खासगी क्लिनिकमधल्या मुलीकडे दाखवायला तसं ओळखपत्र कुठून असणार? बदलापूर-कल्याणकडून येणाऱ्यांनी बसच्या रांगेत तासन् तास काढले. बायकांना सरसकट लोकल मिळाली २१ ऑक्टोबरपासून, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दोन पाळ्यांत चालणाऱ्या क्लिनिकच्या वेळा त्यात बसवून बघा.

‘कोरोना योद्ध्यां’साठी थाळ्या वाजल्या, दिवे लागले, त्यावर वेळ घालवायला नको. त्या चित्रांत पांढऱ्या कोटातले डॉक्टर होते, नर्स होत्या, झाडूवाले होते. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली असिस्टंट कुणाला सुचली नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कुठल्या कामात संसर्गाचा धोका किती असा आलेख छापला होता, त्यात अगदी टोकाला दातांचं काम करणारे होते, तरीही. मला स्वतःला ती योद्ध्याची पदवी तेव्हाही पटली नव्हती. दोन बस बदलून पगारासाठी येणाऱ्या बाईला योद्धा म्हटलं की तिच्या पगाराबद्दल बोलायची गरज उरत नाही.

आणि पगाराबद्दल बोलायला हवंच. कुणी डॉक्टरांनी बंद काळाचा पूर्ण दिला. कुणी अर्धा दिला आणि बाकीचा नंतर बघू म्हणाले. कुणी फोन उचलला नाही. डॉक्टरांनाही चेअरचे हप्ते होते, जागेचं भाडं होतं, हे खरं आहे. एका किटचा खर्च पेशंटला कसा सांगायचा या विवंचनेत तेही होते. हेही खरं आणि तेही खरं. या दोन्हींना शेजारी शेजारी बसू द्या. एकाने दुसरं खोडलं जात नाही. तुमच्या मनात जर अजून एखादी रक्कम अडकून असेल, अगदी नेमकी रुपयांत, तर तिची लाज वाटायचं कारण नाही. मनन करताना पैसे आठवू नयेत असा नियम कुणी केला असेल तर तो पोट भरलेल्या माणसाने केला असणार.

आता जरा मागे जाऊ. तुमच्या टेबलावर ग्लोव्हजचा खोका आहे. पेशंट आला की तुम्ही न बघता त्यातून जोडी ओढता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बहुतेक दंतवैद्य उघड्या हातांनी, नुसते हात धुऊन काम करत. एड्सची भीती आली, १९८६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने दंतवैद्यकासाठी सूचना काढल्या, ग्लोव्हज-मास्क नेहमीचे झाले, आणि यथावकाश आपल्याकडेही. त्या वेळी कुणीतरी असिस्टंट पहिल्यांदा ग्लोव्हज घालून चेअरपाशी बसली असेल. तिचे हात त्यात घामेजले असतील, हत्यार निसटलं असेल, आणि पेशंट मनात म्हणाला असेल, माझ्यात काय वाईट दिसलं हिला? आज तो खोका संपला तर तुम्ही वैतागता, घाबरत नाही. इतकी ती भीती वस्तूत जाऊन बसली.

तुमच्या वर्षांतलंही काही वस्तूंत जाऊन बसलं. बघा तुमच्या क्लिनिकमध्ये काय राहिलं. जाड नळीचं सक्शन राहिलं असेल. खिडकीला बसवलेला एक्झॉस्ट राहिला असेल. टेबलफॅन गेला, किटचे कपाटभर गठ्ठे कधीतरी संपले, फॉर्मवरचे ते प्रश्न कुठे गाळले गेले. वेटिंगमधली मासिकं बऱ्याच ठिकाणी परत आलीच नाहीत. एकेक वस्तू मनाने उचला. ही कुणाला घाबरून आली होती? तुम्हाला, पेशंटला, की डॉक्टरांना?

मन परत कधी आलं, याची तारीख बहुतेकांना सांगता येत नाही. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं, पुढे कधीतरी तुमचं नाव आलं, दंडात सुई गेली. तेव्हा आलं असं वाटलं असेल. मग एप्रिल आला, दुसरी लाट, आणि ते पुन्हा पळालं. मला विचाराल तर ते अशा मोठ्या दिवशी येत नाही. लहान मूल चेअरवर रडत असताना तुम्ही त्याचा पाय हलकेच थोपटलात, आणि थोपटताना आपण शिवतोय हे तुमच्या लक्षातही आलं नाही, अशा एखाद्या वेळी आलेलं असतं. त्या आधीचे कित्येक महिने तुम्ही थोपटायचं थांबवलं होतं. हात जवळ जायचा आणि मागे यायचा. ते थांबवल्याचं कुणी नोंदवलं नाही, सुरू झाल्याचंही नाही. पुढचा पेशंट येण्याआधी शोधा, तुमच्याकडे असं काही आहे का. नसेल, तर अजून आलेलं नाही, एवढंच. घाई करून बोलावू नका.

ज्या परत आल्याच नाहीत त्यांचंही थोडं. कुणी गावी गेली, तिकडेच राहिली. कुणाला घरच्यांनी जाऊ दिलं नाही. कुणी शिवणकाम धरलं, कुणी डबे. एखाद्या क्लिनिकचं शटर उघडलंच नाही. त्यांचे हात अजून अल्जिनेट घोटू शकतात. तुमच्या स्टुलावर तुमच्या आधी कुणी बसत असेल तर तिने हत्यारं लावायची जी रीत घातली, मिरर डावीकडे, मग प्रोब, मग ट्विझर, तीच अजून चालू असेल. तिचं नाव घ्या. मोठ्याने घेतलं तरी चालेल, क्लिनिकमध्ये आत्ता कोणी नाही.

राहिले डॉक्टर. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तुम्ही इतकी वर्षं बसता, त्यांच्याशी या विषयावर तुम्ही बोलला नसाल. बोलावंसं वाटलं तर पगाराच्या दिवशी नको, आणि चेअरवर कुणी असताना तर नकोच. संध्याकाळी हत्यारं पाऊचमध्ये भरता भरता विषय काढा. सर, तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती का? मॅडम असतील तर मॅडम. आधी ते काहीतरी गमतीचं बोलून टाळतील. तुम्ही पाऊच सील करत राहा. ते बोलू लागले की आपलंही सांगा, मिरर पडला होता ते, बाथरूममध्ये जाऊन उगीच उभ्या राहिलात ते. आणि त्या वेळचा अर्धा पगार अजून राहिला असेल, तर त्याच ओघात तोही विषय निघू द्या.